सोनगीरच्या देवळात नावे सांगणारा रेडिओ

या, मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. ती कोंबडी जरा बाजूला सारा, ती रोजचीच आहे, रागावणार नाही. आज बुवा नाहीत, मृदंग नाही, टाळकरीही नाहीत. तरी मी तुम्हाला एक आख्यान सांगणार आहे. आख्यान गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. त्यात लाठ्या आहेत आणि फुटलेली डोकी आहेत. पण ते खरे आहे, आणि देवाच्या दारात घडलेले आहे. भिऊ नका. ऐकताना डोळ्यांत पाणी आले तर पुसूही नका.

मी एक जुना रेडिओ आहे. माझ्या छातीला जे भगदाड दिसते ते बंदुकीच्या दस्त्याने पडले. वरची काच त्याआधीच तडकली होती. तुमच्यातला कुणीतरी त्या भगदाडातून माझ्या पोटात गोट्या टाकतो हे मला ठाऊक आहे. टाका बापडे. परवा चौकात नवा रेडिओ आणला, स्वराज्य आले म्हणून त्याला हार घातला, पेढे वाटले. तो आवाज मी इथे माळ्यावरून ऐकला. फार बरे वाटले. आपण नाही बोललो म्हणून काय झाले, कुणीतरी बोलले!

माझा जन्म विलायतेतला. एका कारखान्यात बारीक बोटांच्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या, काचेचे दिवे पोटात बसवले आणि वर अक्रोडाच्या लाकडाची पेटी चढवली. बोटीने मी मुंबईला उतरलो आणि तिथून धुळ्याला, कापसाचे व्यापारी रतिलाल शेठ यांच्या दिवाणखान्यात येऊन बसलो. शेठना बाजाराच्या बातमीचे वेड होते आणि रागाचेही. एका संध्याकाळी विलायतेचा बाजार कोसळल्याचे मी सांगितले. शेठच्या हातात अडकित्ता होता. तो त्यांनी माझ्यावर भिरकावला. मला पुसणारा गडी मध्ये आला, त्याची भुवई फुटली, आणि मग अडकित्ता माझ्या काचेवर आदळला. माझ्या अंगावर पडलेले ते पहिले रक्त. वाईट बातमी सांगणाऱ्याला मारले की बातमी मरते, असे मोठ्या माणसांना का वाटते कोण जाणे.

त्या दिवसापासून माझे तोंड भिंतीकडे झाले. पुढे शेठच्या मुलीचे लग्न निघाले. हंडे, घंगाळी, पाण्याचा बंब, असा सगळा तांब्याचा सरंजाम सोनगीरच्या चुडामण तांबटाने घडवून आणला. मांडणी करताना त्याची नजर कोपऱ्यात गेली. त्याने मला वळवून तोंड पाहिले, तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला आणि शेठना म्हणाला, "बंबना बदला माले हाई पेटी द्या." शेठ हसले. बंब राहिला, मी निघालो. बैलगाडीत चुडामणने मला मांडीवर घेतले होते. आग्रा रोडवरचा एकेक खड्डा आला की तो माझ्याभोवतीचे हात घट्ट करी.

मित्रांनो, माझी खरी वर्षे ती. सोनगीर हे तांबटांचे गाव. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची आळी, आणि दिवसभर हातोड्यांचा असा काही घोष की वाटावे गावाने झांजा हाती घेतल्या आहेत. चुडामणची बायको वारली होती. घरात तो आणि त्याची मुलगी सुमन. माझ्यासाठी त्याने स्वतः तांब्याची तार ओढली, बारीक आणि लांब, आणि घराच्या आढ्यापासून देवळाच्या निशाणकाठीपर्यंत ताणून बांधली. तीच माझी एरियल. दुसरी तार जिथे भांडी धुतात त्या ओल्या जागी जमिनीत पुरली. गावात वीज नव्हती, म्हणून माझी आम्लाची बॅटरी तो धुळ्याच्या कापसाच्या जिनिंग गिरणीत भरून आणी. ते आम्ल सांडून त्याच्या खांद्याला पांढरा डाग पडला होता. कुणी विचारले तर म्हणे, "जानवं शे रेडिओनं."

दुपारभर मी मुका असे. शॉर्ट वेव्हचा आवाज असा हट्टी, की सूर्य कलल्याशिवाय यायचा नाही. संध्याकाळी चुडामण आधी देवळात कीर्तनाला जाई, बुक्का लावून येई आणि मग माझ्यापुढे बसून माझे बटण इतके हळू फिरवी, जसे कुणी तान्ह्या मुलाची मान धरतो. खरखर, शीळ, समुद्रासारखी गाज, आणि मग एकदम माणूस! जर्मन, जपानी, इंग्रज. त्यातले त्याला एक अक्षर कळत नसे. तरी तो ऐके आणि स्वतःशी बोले. एकदा म्हणाला, "सुमन, मुंबईना आवाज याले लागत नही, अन् समुद्रापल्याडना लागस. दख बरं. बुवा कथा सांगतस, ते बी आधी लांब फिरीसन मंग घर येतस. आवाजनं बी तसंच शे."

"बा, तुम्ही जेवाले कवय येशात? तुम्हनी भाकर बी लांब फिरीसन उनी," सुमन चुलीपासून म्हणे.

अशी थट्टा चाले. पुढे सुमनचे लग्न धुळ्याच्या पुना तांबटाशी झाले. पुना उमदा, उंच, हाताने जलद आणि पायाने त्याहून. सणाला आला की सासऱ्याबरोबर माझ्यापुढे बसे. काचेवर लिहिलेल्या शहरांच्या नावांवर बोट ठेवून म्हणे, "मामा, हाई बठ्ठा गावं माले देखना शेतस." लढाई सुरू झाली. पलटणीत भरती निघाली. पुना गेला. जाताना त्याने सुमनकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहून बोलला, "याना तोंडे मन्ही खबर ऐकज्यात."

त्यानंतर माझ्या तोंडून जे निघू लागले, ते कोणत्याही देवळात सांगण्यासारखे नव्हते. शहरे जळत होती. बोटी बुडत होत्या. मी लाकडाचा, पण माझ्या पोटातून तोफा बोलत. पुनाची पलटण सिंगापूरला होती, आणि एका संध्याकाळी तेच सिंगापूर पडल्याचे मी सांगितले. सुमन माहेरपणाला आली होती आणि त्या वेळी पीठ मळत होती. तिने हात थांबवला नाही. मळतच राहिली, मळतच राहिली, पीठ पार पातळ होऊन परातीबाहेर आले.

पुढे पलटणीतला एक जखमी जवान धुळ्याला परतला. तो सिंगापूर पडण्याआधीच बोटीने निघाला होता. त्याने पुनाच्या घरी सांगितले, "पूल उडाला तेव्हा पुना पुलावर होता." आईबाप नसलेल्या पुनाला त्याच्या काकांनी, उखर्डू आबांनी, वाढवले होते. आबांनी पागोटे काढून खाली ठेवले. सुमन कायमची माहेरी आली. तिच्या हातात बांगड्या होत्या, कपाळी कुंकू होते, आणि ते असावे की नसावे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

आणि मग, मित्रांनो, ते पूर्वेकडचे केंद्र लागले.

ते शत्रूचे, जपान्यांचे, केंद्र होते. हिंदुस्थानी बोलीत तिथे कैद झालेल्या आपल्या शिपायांची नावे वाचत. नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा. वाचणाऱ्याचा आवाज कोरडा, पण नाव आले म्हणजे माणूस जिवंत! चुडामण पहिल्यांदा ऐकताना उभाच राहिला. त्या संध्याकाळी एक नाव जामनेरकडचे निघाले. चुडामणने ते तोंडात घोळवत ठेवले आणि सकाळच्या मोटारवाल्याबरोबर निरोप धाडला. त्या घरात म्हणे आई चुलीपुढून धावत निघाली ती पदर पेटलेलाच घेऊन. लोकांनी पाणी ओतून तिला विझवले आणि मग बातमी पुन्हा सांगितली.

ही गोष्ट गावोगाव पसरली. लोक येऊ लागले. असे चारचौघांना शत्रूचे केंद्र ऐकवणे हा सरकारच्या कायद्याने गुन्हा होता. चुडामणला ते माहीत होते. पण दारात आलेल्या आईला परत कसे पाठवायचे?

त्यांतच पूर्व खानदेशातल्या पहूरची भिकुबाई आली. काळी, किरकोळ अंगाची, पदराला भाजलेल्या हरभऱ्यांची गाठ. तिचा एकुलता रुपचंद त्याच पलटणीत. आगगाडीने, मोटारीने आणि उरलेले पायी अशी ती सोनगीरला पोचली आणि चुडामणच्या ओट्यावर बसून म्हणाली, "मी आता नाव आल्याबिगर जात नाही बाबा. तुह्या पोरीचे भांडे घासीन, दळन दळीन. मले हाकलू नको." तिने खरोखर सगळे घासले. माझ्यावरची धूळही तिनेच राखेने घासायला घेतली, तेव्हा चुडामण ओरडला. तिने उत्तर दिले, "काहून वरडतं? मुखडा साजरा दिसला त नाव बी साजरं सांगीन."

चुडामणचे घर अपुरे पडू लागले. एरियल देवळापर्यंत होतीच. तेव्हा ठरले की संध्याकाळी मला देवळाच्या सभामंडपात ठेवावे. पुजारीबुवा घाबरले. म्हणाले, "अहो, विलायती लाकूड! गाभाऱ्यासमोर?"

भिकुबाई पुढे सरली. "लाकूड विलायतचं अशीन बुवा, नाव त आपल्या लेकराचं निघते. देवाचं नाव घ्यावं आन् लेकराचं नाव घ्यावं, मायले दोन्ही सारखंच. जिथं नाव घेतात ती कथाच व्हय."

पुजारीबुवांनी वाट दिली. कथाच म्हटल्यावर कथेचे सगळे नियम आले. लोक जोडे बाहेर काढत. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. मला चौरंगावर ठेवत. आणि आमच्याकडचा मोठा नियम असा, की कथा सुरू झाली की आरती होईपर्यंत जागेवरून उठायचे नाही. मधेच उठणे म्हणजे देवाकडे पाठ फिरवणे. नावे वाचून झाली की पुजारीबुवा आरती करत, सगळे उभे राहत, बुक्का लावून घरी जात. ज्यांचे नाव आले नसे तेही आरती म्हणत. ते मोठ्याने म्हणत.

मित्रांनो, तो बेचाळीस सालचा पावसाळा होता. सगळीकडे पेटले होते. धुळ्याला शाळेतल्या मुलांवर लाठ्या चालल्या, एका मुलाची दोन्ही मनगटे मोडली. आग्रा रोडवर सरकारच्या तारायंत्राच्या तारा रातोरात कापल्या जात. गुन्हेगार सापडले नाहीत की पोलीस जवळचे गाव धरत आणि झोडपत. एका खेड्यात पाटलाला झाडाला बांधून त्याच्या लेकासमोर मारले. ज्या तारा कापल्या त्या तांब्याच्या, आणि सोनगीर तांबटांचे. आणि देवळाच्या निशाणकाठीवर तांब्याची लांब तार रस्त्यावरून दिसत होती! चुडामणने ती स्वतःच्या हाताने ओढली होती, पण तारेवर कुणाचे नाव लिहिलेले नसते.

आळीतल्या लोकांनी सांगितले, "चुडामण, तार उतार." तो म्हणाला, "तार उतारी तर नाव कसं येई?" एवढेच.

आता आख्यान जिथे आले तिथे जरा श्वास घ्या.

त्या दिवशी दुपारी उखर्डू आबा धुळ्याहून आले. बरोबर भाऊबंद होते. आबा दुष्ट नव्हते, मित्रांनो. ते वाळले होते. ओट्यावर बसून म्हणाले, "चुडामण, पोरीले आसं कितलं दिन टांगी ठेवशी? ना सवाशीन, ना रांड. पुनाना आत्मा बी तठेच अटकेल व्हई. सकायले तिन्या बांगड्या फोडूत अन् त्याना दिवस करूत. मन्हा बी जीव थकना रे."

आळीत बातमी गेली, आणि तांबटांच्या रिवाजाप्रमाणे हातोडे थांबले. ज्या घरात मृत्यू जाहीर होतो त्या घरासाठी सगळी आळी हातोडा खाली ठेवते. मेलेल्याचे दिवसकार्य होईपर्यंत कुणी तांब्यावर घाव घालत नाही, आणि त्या घरच्या माणसाने तर हातोड्याला हातसुद्धा लावायचा नाही. एकेक ठोका कमी होत गेला आणि शेवटचा बंद झाला. इतकी शांतता मी सोनगीरला कधी ऐकली नव्हती.

तेव्हा सुमन दारात आली. "आबा, आजनी सांज माले द्या. आज नाव नही उनं, तर सकायले मी सोता दगड लिसन बांगड्या फोडसू. तुम्हले हात लावाना काम नही."

आबांनी तिच्याकडे वर पाहिले नाही. "दिधी," ते म्हणाले. दिली.

दिवस कलला. मला देवळात आणले. सभामंडप भरला होता. पाऊस नव्हता, आभाळ मोकळे, आवाजाला अगदी चांगले. आबाही येऊन खांबाशी बसले. भिकुबाई बायकांत पहिली, पाठ ताठ, सुमनचा हात तिच्या हातात. चुडामणने बटण फिरवले. शीळ, गाज, आणि तो कोरडा आवाज. नावे सुरू झाली. पंजाबची, गढवालची, मग साताऱ्याची. लोक श्वास धरून होते.

बाहेर आळीच्या तोंडाशी मोटारलॉरी थांबल्याचे मी ऐकले. बूट वाजले. फौजदार पायऱ्या चढून आला, मागे शिपाई. त्यात भाईदास हवालदार होता, जवळच्याच गावचा, कीर्तनाचा नादी. या देवळात तो कितीदा मांडी घालून बसला होता. सवयीने तो पायरीवर वाकला आणि बुटाचा बंद सोडू लागला. एक बूट काढला.

"काय करतोस?" फौजदार खेकसला. भाईदास तसाच सरळ झाला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी.

"शत्रूचा रेडिओ! आणि सरकारची तार चोरून वर टांगली आहे. उठा! सगळे उठा!"

कुणी उठले नाही. साताऱ्याची नावे संपत आली होती. भिकुबाई समोर पाहत म्हणाली, "कथा चालू हाये बाबा. बस गुमान."

"उठा म्हणतो ना!"

भाईदास हळूच म्हणाला, "साहेब, इथली रीत आहे. आरती झाल्याशिवाय हे लोक उठत नाहीत."

"उठत नाहीत ना?" फौजदार म्हणाला. "मग आडवे करा."

मित्रांनो, उभ्या माणसावर लाठी पडते तेव्हा तो पळतो, हात वर करतो. बसलेल्या माणसावर पडते तेव्हा ती सरळ डोक्यावर पडते. पहिल्या रांगेतली डोकी फुटली. मातीची मडकी फुटावीत तसा आवाज येत होता, एकामागून एक. उखर्डू आबांचे पागोटे उडाले आणि त्यांच्या पांढऱ्या केसांतून लाल धार निघाली. ते दोन्ही हात जमिनीला टेकून बसून राहिले. एका माणसाची बोटे लाठी आणि फरशीच्या मधे सापडली. बायका किंचाळल्या, मुलांना पोटाखाली घेतले, पण उठल्या नाहीत. कारण नावे चालू होती. "नाशिक," मी म्हणत होतो. "नाशिक. अहमदनगर." आता खानदेश येणार हे त्या प्रत्येक आईला माहीत होते.

चुडामणने मला कवटाळले. त्याचा कान माझ्या आवाजाच्या कापडावर होता आणि बोट बटणावर. शॉर्ट वेव्हचा आवाज सरकतो, क्षणोक्षणी केसभर फिरवून धरावा लागतो. त्याच्या पाठीवर लाठी पडे, त्याचे सगळे अंग हले, पण ते बोट हलत नसे. मी त्याची बरगडी मोडल्याचे ऐकले. माझ्याहून जवळ कोण होते? त्याच्या तोंडातून देवाचे नाव येत होते की शिवी येत होती, हे मला सांगता यायचे नाही. दोन्ही एकदम येत असावे.

"पश्चिम खानदेश," मी म्हणालो.

आणि मग मी ते नाव घेतले. पुना. बापाचे नाव. तांबट. धुळे.

तेवढ्यात कुणाची तरी लाठी आडवी फिरली आणि चुडामणच्या जबड्यावर बसली. हाड मोडले. तो बाजूला कोसळला. पुढचा जिल्हा सुरू होत होता. "पूर्व खानदेश," मी म्हणालो, आणि बंदुकीचा दस्ता माझ्या छातीत घुसला. काचेचे दिवे एकेक फुटले. माझ्यात जे काही बोलत होते ते तिथे संपले.

त्या कल्लोळात ते नाव फक्त चुडामणने ऐकले होते. सुमन दहा हातांवर होती आणि तिला काही ऐकू आले नाही. तो सांगू गेला. जबडा लोंबत होता, तोंडातून रक्ताचे बुडबुडे निघाले, शब्द नाही. त्याचे हात पुढे घेऊन त्याच्याच एरियलच्या तारेने बांधले, आणि शिपाई त्याला पायऱ्यांवरून ओढत खाली घेऊन गेले. "बा! बा!" सुमन ओरडली. तिला लाठ्यांनी अडवून धरले होते. ती वेड्यासारखी विचारत होती, "बा, उनं का नाव? उनं का?" तो मागे पाहत होता, पण ओढत नेलेल्या माणसाची मान हलली, तर त्यातून हो की नाही कसे कळावे?

लॉरी आळीच्या तोंडाशी उभी होती. त्याला आळीतूनच नेले. सगळी दुकाने गप्प. हातोडे ऐरणींवर आडवे पडलेले. त्याच्या स्वतःच्या दुकानासमोर आला तेव्हा तो मुद्दाम पडला. शिपायांनी लाथा घातल्या. तो गुडघ्यांवर सरकत ऐरणीपाशी गेला, बांधलेल्या दोन्ही हातांनी हातोडा उचलला आणि अर्ध्या घडलेल्या घंगाळावर घाव घातला.

ठण्ण!

आळी दचकली. ज्याच्या घरी सुतक त्यानेच हातोडा उचलला! समोरच्या ओट्यावर एक म्हातारा तांबट होता. तो आधी चिडून उभा राहिला, मग त्याच्या चेहऱ्यावर काय झाले ते सांगणाऱ्यांनी मला नंतर कितीदा सांगितले. चुडामणने दुसरा घाव घातला. पाठीत दस्ता बसला. तिसरा घातला. मग तो म्हातारा धावत आत गेला, आपला हातोडा घेऊन आला आणि हंड्यावर मारू लागला. रडत रडत मारू लागला. शेजारचा उठला. त्याच्या पलीकडचा उठला. बायकांनी लाटणी घेतली, मुसळे घेतली. सगळी सोनगीरची आळी वाजू लागली. पोलिसांना वाटले, दंग्याची खूण आहे. त्यांनी हवेत गोळ्या झाडल्या आणि चुडामणला लॉरीत फेकून पळ काढला.

तो घोष देवळात आला. उखर्डू आबांनी रक्ताळलेले डोके वर केले. तांबटाच्या पोटी जन्मलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. "सुमन," ते म्हणाले. "पोरी, सुतक नही. घरमां सुतक नही. पुना जित्ता शे!" सुमनने दोन्ही मनगटे छातीशी आवळली. बांगड्या वाजल्या. ती हसत होती की आक्रोश करत होती, ते तिलाच विचारा.

देवळात फरशी ओली झाली होती. लोक कण्हत होते, पण जागेवर होते. पुजारीबुवांच्या खांद्यालाही मार बसला होता. एका हाताने त्यांनी निरांजन लावले. म्हणाले, "कथा पुरी करू या." आरती सुरू झाली. बाहेर हातोडे, आत फाटलेल्या गळ्यांची आरती. माणसे एकमेकांना धरून, खांबांना धरून उभी राहिली. आबा उभे राहिले. सुमन उभी राहिली, आणि भिकुबाईला उठवायला तिने हात दिला.

भिकुबाई उठली नाही.

ती खांबाला टेकून बसली होती. पाठ ताठ, डोळे माझ्याकडे. कानशिलावरून एक बारीक रेघ पदरापर्यंत गेली होती आणि त्या पदराला हरभऱ्यांची गाठ तशीच होती. किती वेळापासून ती तशी होती, कुणास ठाऊक. आरती थांबली नाही. सुमन तिच्याशेजारी पुन्हा खाली बसली आणि आरती संपेपर्यंत बसून राहिली. दारात भाईदास हवालदार उभा होता. लॉरीबरोबर तो गेला नव्हता. दुसरा बूट त्याने हातात धरला होता. त्याची लाठी खाली पडली होती आणि ती उचलायला तो वाकत नव्हता.

मित्रांनो, चुडामण धुळ्याच्या तुरुंगातून दोन पावसाळ्यांनी सुटला. जबडा वाकडा जुळला. आता त्याला पाणी प्यायचे तर मान तिरपी करावी लागते, भजन म्हणताना शब्द एका बाजूने निसटतात, पण तो म्हणतो. पुना गेल्या वर्षी परत आला. हाडांचा सापळा होऊन आला, कुणी मोठ्याने बोलले की दचकतो, पण आला. ज्या बाळाच्या रडण्याने तुम्ही मघाशी हसलात, ते त्याचेच. धुळ्याच्या कारागिराने मला पाहून सांगितले की हा आता लागायचा नाही, याचे लाकूड चुलीला चांगले. सुमनने त्याला दारातून घालवून दिले. तेव्हापासून मी इथे, तिच्या माळ्यावर आहे.

माझ्यासाठी काही मागायचे तर एवढेच, की कुणाच्या घरी मोडकी, मुकी वस्तू दिसली तर तिला लाथ मारण्याआधी विचारा, ही काय बोलून गप्प झाली? माणसांनाही तसेच विचारा.

पण माझे मागणे खरे म्हणजे दुसरे आहे. त्या संध्याकाळी मी गप्प झालो तरी ते केंद्र गप्प झाले नव्हते. पूर्व खानदेशची नावे त्याने वाचलीच असणार. त्यात पहूरचा रुपचंद होता की नव्हता, ते कुणी ऐकले नाही. तो परत आला नाही. गेला अशी खबरही आली नाही. पुनाला विचारले, तर तो म्हणतो की रुपचंद दुसऱ्या छावणीत होता. पहूरला त्यांच्या घराला कुलूप आहे, आणि त्याची वाट पाहायला आता कुणीच नाही.

तेव्हा मित्रांनो, देवाचे नाव घ्याल तेव्हा त्याच्यामागून एक नाव माझ्यासाठी घ्या. रुपचंदची आई. पहूरची भिकुबाई.